प्रतिसाद: सान व्हिताले टाळू नका

वर कुणीतरी लिहिलंय की इटलीतल्या राव्हेन्नात कवी दान्तेची कबर पाहिली की झालं, चर्च काय सगळी सारखीच. हे काही पटलं नाही बुवा. तिथलं सान व्हिताले चर्च बाहेरून साध्या विटांचं, अष्टकोनी. त्यामुळे फसायला होतं खरं. पण आत वेदीजवळ गेलं की पाय हलत नाहीत.

इ.स. 547 मध्ये हे चर्च पूर्ण झालं. आत मोझेइक, म्हणजे बारके तुकडे जोडून केलेली चित्रं आहेत: एका भिंतीवर बायझंटाइन सम्राट जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा, दोघंही लवाजम्यासकट. गंमत म्हणजे दोघांनी राव्हेन्नात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं! आणि जस्टिनियनच्या त्या घोळक्यात डोक्यावर नाव लिहिलंय ते फक्त बिशप मॅक्सिमियानुसचं. हुशार माणूस.

थिओडोराच्या झग्याचा काठ जरूर निरखा, त्यावर भेटवस्तू घेऊन निघालेले तीन मागी (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) विणलेले दिसतात. सोन्याचा वर्ख दिलेले काचेचे बारके तुकडे ओल्या गिलाव्यात किंचित तिरपे बसवलेत, म्हणून आपण दोन पावलं सरकलो की चमक पण सरकते. फोटोत हे अजिबात येत नाही.

घुमटातली अठराव्या शतकातली चित्रं मात्र मला उपरीच वाटतात.