डोंगरवाटेवरचे जुने लाकडी पूल : तुमचे अनुभव लिहा

पावसाळा ओसरला की आपल्या खानदेशातले कितीतरी लोक तोरणमाळ, अस्तंबा, पाल, पाटणादेवी असं कुठे ना कुठे निघतात. गाडीरस्त्यावरच्या फरश्या (पुरात पाणी वरून जातं असे बुटके पूल) आणि सिमेंटचे पूल सगळ्यांना माहीत आहेत, मला ऐकायचंय ते आतल्या पायवाटेवरच्या लाकडी पुलांबद्दल. दोन ओंडके, बाजूला बांबूचा कठडा, कधी तोही नाही. हे पूल कोण टाकतं, कसे टिकतात, तुम्ही कसे पार झालात ते मोकळेपणाने लिहा. फोटोखाली दोन ओळी नकोत, नीट सांगा.

धडगावकडून, शाळेत शिकवतो

आमच्या शाळेच्या वाटेवर नाला आहे आणि त्याच्यावरचा पूल गावानेच टाकलाय. मोठा पूर आला की तो सरकतो नाहीतर जातोच, मग पाणी उतरलं की गावातले लोक परत बसवतात, कोणी बोलवायला लागत नाही. मी एकदा पूर्ण दिवस तिथे थांबून बघितलं. ओंडके अंजनाचे, आणि अंजन म्हणजे इतकं जड की ताजं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं, त्यामुळे एकेक ओंडका उचलायला अख्खी आळी लागली. टोकं मातीत पुरली नाहीत, खाली सपाट दगड बसवले, कारण माती ओल धरून ठेवते आणि लाकूड टोकाकडूनच जास्त पाणी पितं. मग एका आबांनी वाकसाने वरची बाजू तासून सपाट केली आणि प्रत्येक पावलाच्या अंतरावर आडवी खाच पाडली, ओल्या पायाला पकड मिळावी म्हणून. खिळा एकही नाही. खिळ्याच्या भोकातून पाणी आत जातं आणि तिथूनच कुजायला लागतं, असं ते म्हणाले. पूर्वी अंजनाच्याच सालीचा दोर वळून बांधायचे, आता बाजारातला नायलॉनचा.

याच पुलावरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून नेतात, ज्याला पेपरवाले बांबूलन्स म्हणतात. एका ताईला बाळंतपणासाठी नेताना मी बरोबर होतो, पाऊस चालू, पुलाची रुंदी जेमतेम एका पावलाची, पुढचा माणूस मागे वळून बघू शकत नव्हता म्हणून मागचा सारखा "चल, चल" असं बोलत राहिला. ताई दवाखान्यात वेळेत पोचली. पण इथे पक्का पूल हवाच, ही मागणी गाव किती वर्षं करतंय, अजून काही झालेलं नाही. आपण ट्रेकला जातो तेव्हा आपल्याला तो पूल सुंदर वाटतो, वाटू दे, पण तो यांचा रोजचा रस्ता आहे एवढं लक्षात ठेवा.

रावेर, सुतारकाम

वरच्या सरांचं टोकांबद्दलचं अगदी बरोबर. सागाचं म्हणाल तर त्याच्या गाभ्यात तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरचा पांढरट भाग तेवढा टिकाऊ नाही, तो आधी जातो. म्हणून जुना पूल वरून बघून काही कळत नाही, वाकून खालून बघायचं. काठी आपटा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ. लाकडावर अळंबी उगवलेली दिसली तर त्या बाजूला पाय ठेवूच नका, बुरशी आतपर्यंत गेलेली असते.

चाळीसगाव

माझे आजोबा गुरं घेऊन डोंगरात जायचे, लहानपणी मी पण मागे लागायचे. ओढ्यावर एकच ओंडका होता. ते पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "खाले देखू नको माय, म्होरे देख." हात द्यायला कधी परत आले नाहीत. तेव्हा राग यायचा, आता मी माझ्या नातीला तसंच चालवते आणि ती छान चालते.

जळगाव, बँकेत आहे

सातपुड्यातला नाही पण लिहितो. उत्तराखंडात हर की दूनला गेलो होतो, तालुका नावाच्या गावापासून वाट सुपीन नदीच्या काठाने जाते आणि मध्ये लाकडी पूल लागतात. हिमालयात जुन्या पद्धतीचे पूल बघण्यासारखे असतात, दोन्ही काठांवर देवदाराचे ओंडके दगडांच्या ढिगात दाबायचे, त्यांच्यावरचा थर थोडा आणखी पुढे, त्याच्यावरचा आणखी पुढे, असं करत मधलं अंतर कमी झालं की वरून लांब लाकडं टाकायची. नदीत खांब रोवायचाच नाही, कारण बर्फाचं पाणी सुटलं की खांब राहणारच नाही. देवदारातही तेल असतं, म्हणजे इथला साग तसा तिथला देवदार. खेचरं आली की थांबायचं, आणि डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही.

तळोदा

अस्तंब्याच्या यात्रेला धनत्रयोदशीपासून लोक निघतात, इथून कोठार, देवनदी करत वर जातात, रात्रीसुद्धा वाट चालू असते. शिखर सुमारे १३०० मीटर उंच, शेवटचा चढ कठीण. गर्दीत लोक पुलावर आणि दगडांवर मध्येच थांबतात, मोबाईल काढतात, मागचे ढकलले जातात. ग्रुपने जाणार असाल तर एक माणूस पूर्ण पार झाल्यावरच दुसऱ्याने चढायचं, आणि सॅकचा कमरेचा पट्टा पुलाआधी सोडून ठेवायचा, पाण्यात पडलात तर सॅक लगेच काढता येते. या दिवाळीला मी जातोय, कोणाला सोबत यायचं असेल तर इथेच लिहा, वाटेतल्या गावातला एक दादा बरोबर घेणार आहे, त्याची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची.