आठ लेकरांचं घर नेमकं कोण चालवतं, आईबाप की थोरली?

शिकवणीवाली ताई

आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडकडचं एक कुटुंब, आईबाप आणि आठ लेकरं ओळीनं उभी, खाली लिहिलंय "आपल्याला दोन झेपत नाहीत, हे आठ सांभाळतात, सलाम". त्याखाली नुसत्या टाळ्या. सलाम मलाही करायचाय, पण कुणाला करायचा यावर जरा बोलूया.

मी पूर्व भागात शिकवणी घेते. बाप टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळते, लेकरं पाच, सहा, क्वचित आठ, अशी घरं आता कमी झालीत पण आहेत आणि मी ती रोज बघते. परवडतं कसं असं विचारलं की लोक काटकसर, रेशन, देवाची कृपा असलं सांगतात. माझं म्हणणं असंय की यातला सगळ्यात मोठा खर्च थोरली मुलगी भरते आणि तो कुणी वहीत मांडत नाही. आईच्या हजार विड्या एकटीनं होत नाहीत, पानं कापून देणं, विड्यांची तोंडं बंद करणं हे पोरींकडं असतं. धाकट्याला आंघोळ, मधल्याचं दप्तर, दुपारच्या भाकरी तिच्याकडंच. त्यात आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, कधी पहाटे कधी रात्री, म्हणजे पाण्याच्या दिवशी शाळा कुणी बुडवायची हे आधीच ठरलेलं. आणि आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, फी नाही, तोवर ती शाळेत असते. नववीला वह्या-गाईड-रिक्षा सुरू झाली की पहिलं नाव तिचंच कटतं. माझ्याकडची एक हुशार पोरगी अशीच गेली, गणितात तिला परत सांगावं लागायचं नाही. त्या घराचा फोटो काढला तर सगळे हसतच दिसतील.

तिसरी पाळी

काय बोलूलालाव ताई. मी नऊ भावंडातला थोरला हाय, म्हणून सांगतंव. वडील मिल बंद झाल्यावर यंत्रमागावर आले, मी नववी सोडून मागावर उभारलो, मला कुणी विचारलं नाही हे खरं हाय. पण त्यामुळं खालची तिघं शिकली, एक बँकेत हाय, एक बहीण नर्स हाय. आज आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर आम्ही पैसे वाटून घेतले, कुणावर डोंगर पडला नाही. कर्ज काढावं लागलं नाही. आमची कीव करणारे बरेच भेटतात बे, एकाचा मुलगा पुण्यात, दुसऱ्याची मुलगी बाहेरदेशात, आणि दवाखान्यात डबा न्यायला आम्हालाच फोन.

आणि खर्च डोक्यामागं वाढतो पण तेवढा नाही वाढत. एक शर्ट चार जणांनी घातला. पुस्तकं खाली खाली जात गेली. ज्वारी वर्षाची एकदम भरायची, कांदा यार्डातनं गोणीनं, शेंगाची चटणी घरात कुटलेली, कडक भाकरी करून ठेवली की दोन दिवस बघायला नको. दूध चहापुरतंच. आम्हाला कमी पडलं असंल, उपाशी नाही झोपलो.

जुळे सोलापूर

भावनिक झालात सगळे. सरळ प्रश्न आहे, कमाई दोघांची असताना आठ जणांना जन्म द्यायचाच कशाला? मी एका मुलीच्या शाळेची फी भरताना घामाघूम होतो आणि माझ्या टॅक्समधून यांना फुकट धान्य. दोनच्या वर मूल झालं की सगळ्या सवलती बंद करा, बघा कसं नियोजन होतं ते.

केशरी कार्ड

@जुळे सोलापूर अहो बऱ्याच आधीच बंद आहेत, तुम्हाला माहीत नाही एवढंच. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महापालिका-झेडपीची निवडणूक लढवता येत नाही. राज्य सरकारी नोकरीला २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार मिळतात, पण दोन अपत्यांपर्यंतच, तिसऱ्या मुलीला शून्य. म्हणजे आईबापांनी काय केलं त्याचा दंड पोरगी भरणार. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतही एका घरातली दोनच मुलं. आता सांगा, हे सगळं असून त्या घरात आठ झालीच ना? विडी वळणाऱ्या बाईला नगरसेवक व्हायचं नसतं, त्यामुळं ती अट तिला लागतच नाही.

आणि फुकट धान्याचं गणितपण ऐका. अंत्योदय कार्ड म्हणजे सगळ्यात गरीब, त्याला महिन्याला ३५ किलो, घरात दोघं असोत की अकरा. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. म्हणजे आठ लेकरं, आईबाप, आजी अशी अकरा माणसं असली तर प्राधान्यवाल्याला ५५ किलो आणि त्याच्याहून गरीब ठरवलेल्याला ३५. त्यातही धाकट्या दोघांची नावं कार्डावर चढलेली नसतात कारण इष्टांक म्हणजे ठरवून दिलेला कोटा संपला म्हणून अर्ज पडून असतो. घरकुलाचंही तेच, तीन माणसांना तेवढीच खोली आणि दहांना तेवढीच. दवाखान्याच्या कार्डावर कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, तिथं मात्र माणसं जास्त असली तरी सगळी बसतात. पण रोज लागतं ते धान्य आणि जागा, तिथं मोठं कुटुंब मागंच राहतं. लेकरं जास्त म्हणून सरकारचा पैसा लुटतात हे डोक्यातून काढा.

जुळे सोलापूर

मी लुटतात म्हणलो नाही. मी म्हणतोय की झेपत नसेल तर करू नये. एवढं साधं बोलणंपण गुन्हा झालाय.

बारा गाव

बोला की स्पष्ट, कुणाच्या घरात जास्त होतात ते सगळ्यांना माहितीय 😏

केशरी कार्ड

@बारा गाव हे इथं आणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ ला मुस्लिम बाईमागं सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.४ च्या खाली आली, हिंदूंचीही कमी होत १.९ वर आली. सगळ्यांचाच आकडा उतरतोय, शिक्षण आणि हातात पैसा आला की उतरतो. महाराष्ट्राचा तर त्याच पाहणीत एकूण १.७ होता. आणि ताईंनी ज्या घरांबद्दल लिहिलंय ती कुठली हे तुम्हाला माहीत नाही, आम्हाला आहे. असो.

दारोदारची सिस्टर

मी आरोग्य खात्यात फिरतीचं काम केलेलं आहे, जास्त लिहिणार नाही पण "जन्म द्यायचाच कशाला" याचं उत्तर देते. त्या फोटोतली लेकरं मोजा, सहा पोरी मग दोन पोरं. बहुतेक घरात हाच क्रम असतो. तिसऱ्या मुलीनंतर बाई स्वतः मला म्हणालेली असते की सिस्टर बास झालं आता, ऑपरेशन करून टाकू, आणि आठवड्यानं सासू दारात उभी, "आत्ता नको, एक मुलगा होऊ दे". नवऱ्याची नसबंदी तर विषयच काढायचा नाही, ते काही मिनिटांचं काम असलं तरी. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ ला संततिनियमनाचं केंद्र काढलं, शंभर वर्षं झाली, तरी ऑपरेशन म्हटलं की बाईचंच पोट. त्यामुळं आईबाप सांभाळतात असं म्हणताना आईला बापाबरोबर एका ओळीत उभं करू नका, तिनं ठरवलेलं त्यात किती होतं ते तिलाच विचारा, आणि विचारताना सासू घरात नको.

तिसरी पाळी

सिस्टर, हे मान्य. पण ताईंचा मुद्दा वेगळा होता, त्या म्हणतात थोरल्याचा बळी जातो. मी थोरला, मी म्हणतो बळी नाही, जबाबदारी. आजपण घरात पहिलं ताट मला वाढतात, कुठलं लग्न ठरलं की आधी मला विचारतात.

शिकवणीवाली ताई

@तिसरी पाळी दादा, तुम्ही जे लिहिलंत त्यातच उत्तर आहे. तुम्ही मागावर उभे राहिलात, आठवड्याचा पगार हातात आला, तो तुम्ही आईकडं दिला, सगळ्यांनी बघितलं. म्हणून मान मिळाला. थोरल्या बहिणीच्या विड्या आईच्या नावावर जमा होतात. पास बुक आईचं, पीएफ आईचा. तिनं वळलेल्या विडीवर तिचं नावच नाही. तिनं दोन भावंडं वाढवली हे काम आहे असं कुणाला वाटतही नाही. आणि एकोणीस-वीसला लग्न होऊन ती दुसऱ्या घरी जाते, तिथं परत पहिल्यापासून. आईच्या ऑपरेशनचे पैसे वाटून घेतलेत ना, त्या वाटणीत बहिणी होत्या का?

तिसरी पाळी

नर्स बहिणीनं दिले. थोरलीकडनं आम्ही घेत नाही, तिची परिस्थिती नाही.

शिकवणीवाली ताई

तिची परिस्थिती का नाही?

मधली पाचवी

मी सात जणांत पाचवी. दोघांचंपण वाचलं, आता माझं ऐका. मला शाळेत घालायला आई नाही आली, अक्का आली होती. वेणी तिनं घातली, पहिली पाळी आली तेव्हा आईला सांगायच्या आधी तिला सांगितलं. आम्हाला मजा होती हो, खोटं कशाला बोलू. गड्ड्याच्या जत्रेला जायचं म्हणजे सगळी सात जणं चालत, पाळण्यात दोघं बसणार आणि बाकीचे खाली उभारून ओरडणार, कारण सगळ्यांचं तिकीट निघायचं नाही. एकटं वाटणं काय असतं ते मला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं. माझ्या एकाच मुलाला मी सगळं देते तरी तो संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारत बसतो ते बघून मला वाईट वाटतं. पण अक्काला विचारलं की तुझं लहानपण कसं होतं गं, तर ती आमचंच सांगते. तू असं करायचीस, तो तसं पडला होता. स्वतःचं एक सांगत नाही. ताई बळी म्हणतात, दादा जबाबदारी म्हणतात, मला यातलं काय म्हणावं ते ठरवायचं नाहीये, फक्त माझी मजा कुणीतरी दिली होती एवढं मला कळतं. दादा, तुमच्या थोरलीला पुढच्या वेळी ताट आधी वाढा.

जुळे सोलापूर

म्हणजे शेवटी माझाच मुद्दा आला की. कमी मुलं असती तर अक्का शिकली असती.

मधली पाचवी

कमी मुलं असती तर मी नसते काका 😄 पाचवी आहे मी. तुमचा मुद्दा पुढच्यांसाठी ठीक आहे, जी झालीत त्यांचं काय करायचं ते सांगा. आठ झाली म्हणून योजना बंद केली तर कुणाची शाळा सुटेल, आठव्याची की पहिलीची?

जुळे सोलापूर

त्यासाठी आईबापांना जबाबदार धरा म्हणतोय मी. माझं मत तेच राहील.

दारोदारची सिस्टर

आईबापांना नाही, "आईबाप" म्हणून बापाला धरा एकदा, मग बघू.

केशरी कार्ड

@शिकवणीवाली ताई ती गणितवाली पोरगी किती वर्षांची आहे? दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पाचवी पास आणि चौदा पूर्ण असलं की चालतं, हिची तर आठवी झालीय. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो लागतो, फॉर्म ऑनलाइन असतो आणि परीक्षेच्या बरेच महिने आधी भरावा लागतो, नंतर लेट फी. एखादी शाळा केंद्र म्हणून निवडायची. रोज शाळेत जायचं नसतं, त्यामुळं घरच्यांना "काम बुडतं" म्हणायला जागा राहत नाही.

शिकवणीवाली ताई

माहितीय, मी आईशी बोलले आहे. दाखला घरात आहे. मी फुकट शिकवते म्हटलं. आई नाही म्हणाली नाही, "धाकटा अंगणवाडीत जाऊ दे, मग बघू" म्हणाली. धाकटा दीड वर्षाचा आहे.

तिसरी पाळी

ताई, बाप कुठल्या कारखान्यात हाय ते मला मेसेज करा, इथं नको. मालकाला नाही, त्यालाच भेटतंव. मागवाल्याचं मागवाला ऐकतो. आणि धाकट्याला दोन तास सांभाळायला चुलती-आत्या कोण हाय का तेवढं विचारून ठेवा, पहिलं तेच म्हणणार तो.

शिकवणीवाली ताई

आजी आहे घरात. मेसेज केलाय.