मदत हवी आहे : थोरल्याच्या खात्यावरचे गेम धाकट्याला कसे द्यावेत?

नमस्कार.

मी स्वतः गेम खेळत नाही, हे आधीच सांगतो. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सांगलीत राहतो. घरातल्या कन्सोलशी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्राशी, माझा संबंध आजवर पैसे भरण्यापुरताच होता. आता मात्र त्या पैशांतून आपण नेमके काय घेतले, असा प्रश्न पडला आहे आणि त्याचे उत्तर घरात कोणालाच देता येत नाही.

थोरला मुलगा सोळा वर्षांचा असताना, २०१८ साली, आम्ही कन्सोल घेतला. खाते त्याच्याच नावाने उघडले, कारण त्या वेळी खेळणारा तोच होता आणि खाते कोणाच्या नावाचे आहे याला पुढे इतके महत्त्व येईल, असे कोणाच्या मनातही आले नाही. त्या खात्यावर आजवर ३२ गेम डाउनलोड स्वरूपात घेतले गेले. मागच्या आठवड्यात बँकेची विवरणपत्रे काढून बेरीज केली, तर आकडा ८१,००० रुपयांच्या वर गेला. ही सर्व रक्कम माझ्या कार्डावरून गेलेली आहे. याशिवाय ९ गेम डिस्कवर आहेत. काही पुण्याहून नवे आणलेले, तर काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले.

थोरला आता शिक्षणासाठी जर्मनीत आखेन येथे आहे. तिथे त्याने त्याच कंपनीचा नवा कन्सोल घेतला, त्यावर आपले खाते उघडले आणि विचारणा आल्यावर तोच मुख्य कन्सोल ठरवला. त्याच संध्याकाळी सांगलीत धाकट्याच्या पडद्यावर ३२ गेमच्या चित्रांवर कुलूप दिसू लागले. तोडगा म्हणून दोघे भाऊ एकच पासवर्ड आलटून पालटून वापरू लागले. एकाच दिवशी दोन देशांतून लॉगिन होत असल्याचे पाहून कंपनीने संशयास्पद हालचाल या कारणाखाली ते खाते अकरा दिवस गोठवले. त्या अकरा दिवसांत डाउनलोड केलेला एकही गेम ना इथे चालला, ना तिथे. डिस्कवरचे नऊही गेम मात्र धाकटा स्वतःच्या खात्यावरून निर्वेध खेळत होता, आणि हीच गोष्ट मला विचार करायला लावणारी ठरली.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिले की रक्कम माझी आहे, विवरणपत्रे माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मुले माझीच आहेत. तरी यातले निम्मे गेम धाकट्याच्या खात्यावर वर्ग करावेत. उत्तर चार ओळींचे आले. खरेदी हा खातेदाराला दिलेला वैयक्तिक परवाना असून तो हस्तांतरित करता येत नाही, असे त्यात होते. मग मी अटींचा तो लांबलचक मजकूर दोन दिवस बसून वाचला. खाते बंद करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखलेला आहे आणि तसे झाल्यास परताव्याची हमी नाही. ‘सही करण्यापूर्वी अटी वाचा’ असे कर्जदारांना सांगण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि घरात मात्र हा करार सोळा वर्षांच्या मुलाने एका बटणावर मान्य केला, याची लाज वाटते. परंतु त्या बटणावर ‘विकत घ्या’ असेच लिहिलेले होते, ‘परवाना घ्या’ असे नव्हे.

जाणकारांना विनंती अशी की दोन्ही मुलांना हे गेम नियमात राहून खेळता येतील अशी एखादी व्यवस्था आहे काय, हे प्रथम सांगावे. दुसरे म्हणजे, भारतीय कायद्याच्या दृष्टीने मी काय विकत घेतले आहे आणि तक्रारीला काही आधार आहे काय? यापुढे केवळ डिस्कच घ्याव्यात काय, यावरही मत द्यावे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

पहिला प्रतिसाद

नमस्कार काका. मी तांत्रिक बाजू सांगतो; कायद्यावर जाणकार लिहितीलच.

बहुतेक कन्सोलवर परवाना दोन तऱ्हांनी चालतो. ज्याने गेम घेतला तो खातेदार इंटरनेट जोडून कोणत्याही कन्सोलवर लॉगिन झाला की त्याला तो खेळता येतो. आणि जो एक कन्सोल त्याने मुख्य म्हणून नोंदवलेला असतो, त्यावर घरातला कोणीही स्वतःच्या खात्यावरून, बहुधा इंटरनेटशिवायही, तोच गेम खेळू शकतो. तुमच्याकडे गाडे अडले ते थोरल्याने आखेनचा कन्सोल मुख्य केल्यामुळे. त्याने सांगलीचा कन्सोल पुन्हा मुख्य करावा आणि स्वतः जर्मनीत लॉगिन करून खेळावे. मग धाकट्याला त्याच्या पासवर्डची गरजच उरत नाही आणि खाते गोठण्याचे कारणही राहत नाही. यात गैर काही नाही. ही सोय कंपन्यांनीच ठेवलेली आहे. तोटा एवढाच की आखेनमध्ये इंटरनेट बंद पडले की थोरल्याचे गेम थांबतील. शिवाय मुख्य कन्सोल वारंवार बदलण्यावर मर्यादा असतात, त्यामुळे एकदा ठरवले की हात लावू नये.

निंटेंडो या जपानी गेम कंपनीने २०२५ मध्ये निराळी वाट धरली. तिथे डाउनलोड केलेला गेम आभासी कार्डाच्या रूपात दिसतो आणि कुटुंबगटातल्या दुसऱ्या सदस्याला तो चौदा दिवसांसाठी उसना देता येतो. वाचनालयातल्या पुस्तकासारखा तो मुदत संपली की आपोआप परत येतो. कायमचा देता येत नाही, हे तिथेही आहेच.

डिस्कबद्दल मात्र तुमचा समज थोडा दुरुस्त करावा लागेल. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ या निंटेंडोच्याच कन्सोलसाठी काही गेम अशा कार्डावर विकले जातात की त्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड खोचायचे आणि सगळा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. असे कार्ड दुसऱ्याला विकता येते, ही जमेची बाजू. पण ज्या दिवशी कंपनी तो गेम उतरवून देणे थांबवेल, त्या दिवसानंतर ते कार्ड घेणाऱ्याच्या हाती प्लॅस्टिकचा तुकडा उरेल. आणि युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१४ साली आलेला हा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहत असे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे पैसे मोजून घेतलेली डिस्क होती, त्यांचाही गेम संपला. यातूनच यूट्यूबवर गेमविषयी कार्यक्रम करणाऱ्या रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि विकलेले गेम पुढेही खेळता येतील असे ठेवावेत, या मागणीवर युरोपीय संघात दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या जमल्या.

तेव्हा डिस्क घ्यावी, पण पाकिटाच्या पाठीमागे इंटरनेट अनिवार्य असल्याचा बारीक मजकूर आहे का, हे पाहून घ्यावी.

दुसरा प्रतिसाद

मी ग्राहक आयोगापुढील प्रकरणे पाहतो, परंतु हे लेखन म्हणजे आपल्या प्रकरणातील सल्ला नव्हे. कागद न पाहता तसे म्हणणे योग्य होणार नाही.

आपण काय विकत घेतले, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला तो बहुतांशी कराच्या निमित्ताने. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या २००४ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमावर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ मानला. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अॅनालिसिस प्रकरणात न्यायालयाने असे म्हटले की अंतिम वापरकर्त्याशी केलेल्या कराराला परवाना असे नाव दिले, तरी त्याने दिलेली किंमत ही स्वामित्वहक्कासाठी (कॉपीराइटसाठी) नसून सॉफ्टवेअरच्या प्रतीसाठी असते. आपल्या दृष्टीने हे वाक्य मोलाचे आहे. तथापि तो निकाल प्राप्तिकराचा आहे, आणि करारातील हस्तांतरणबंदी मोडून प्रत दुसऱ्याला विकता येते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. डिस्कच्या बाबतीत स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १४ मधील एक जुना शब्दप्रयोग महत्त्वाचा ठरतो. संगणक प्रणालीची प्रत ‘पूर्वी विकली गेली असो वा नसो’ तरी तिच्या विक्रीवर हक्कधारकाचे नियंत्रण, असे तिथे पूर्वी लिहिलेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले, आणि वापरलेल्या प्रतीच्या फेरविक्रीच्या बाजूने हा मुद्दा मांडला जातो. डाउनलोडच्या बाबतीत हातातून हातात जाणारी वस्तूच नसल्याने तो तितक्या सहजपणे लागू पडत नाही.

आपले चिरंजीव जर्मनीत आहेत म्हणून तिकडची स्थितीही सांगतो, कारण युरोपात सगळे ग्राहकाच्या बाजूचे असते अशी आपल्याकडे समजूत आहे. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरच्या फेरविक्रीला मान्यता दिली हे खरे. पण २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या बाबतीत तीच मुभा नाकारली. गेमच्या संदर्भात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्येच संगणकावरचे गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची खाते हस्तांतरित न करण्याची अट वैध ठरवलेली आहे. फ्रान्समध्ये २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयात ग्राहक संघटना त्याच कंपनीविरुद्ध जिंकली, परंतु अपिलात हरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचाच निकाल कायम केला.

आपल्या ‘विकत घ्या’ या शब्दावरील आक्षेपाला मात्र एका ठिकाणी थेट उत्तर मिळालेले आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, विक्रेता ज्या डिजिटल वस्तूचा केवळ परवाना देत आहे, तिच्यासाठी ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा असेल, तर हा परवाना आहे असे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागते. लक्षात घ्या, मालकी तिथेही मिळाली नाही; फक्त पाटी खरी झाली.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्या आपणांस ठाऊक असतील. पागडीवाला मालक नसतो, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही घरमालकाचा वाटा दिला की त्याला खोली दुसऱ्याच्या नावे करता येते. आपले ३२ गेम या व्यवस्थेपेक्षाही खालच्या पायरीवर आहेत, असे मला खेदाने म्हणावे लागते.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘ग्राहक’ या व्याख्येत पैसे देणारा येतो, आणि त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो. त्यामुळे खाते मुलाच्या नावे असले तरी आपण उपरे ठरत नाही. ऑनलाइन व्यवहार आणि डिजिटल उत्पादने यांचाही या कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचा निपटारा करावयाचा असतो; भारतीय ग्राहकांना नियमितपणे सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही हे नियम लागू होतात. आपण ग्राहक सेवेला लिहिले आहे, तक्रार निवारण अधिकाऱ्याला नव्हे, असे दिसते. ती पायरी आधी पूर्ण करावी. त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि त्यापुढे ग्राहक आयोगांकडे ऑनलाइन तक्रार करण्याच्या ई-जागृती पोर्टलवरून सांगलीच्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही.

परंतु मागणी काय करावी, याचा विचार नीट करावा. पैसे भरलेली सेवा अकरा दिवस पुरेशा खुलाशाविना बंद राहिली, ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येईल. अर्थात पासवर्ड दोघांत वापरला गेला, हे विरुद्ध बाजू निश्चितच पुढे करील. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याची मुभा ही ‘अन्याय्य करारा’च्या व्याख्येत बसू शकते, मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि त्यात वेळ जातो. गेम दुसऱ्या खात्यावर वर्ग करून मिळतील, अशी आशा मी आपल्याला देणार नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेवढी सांभाळावी.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी थोरल्याशी बोलून सांगलीचा कन्सोल पुन्हा मुख्य करून घेतला आणि पासवर्ड बदलायला लावला. बत्तीसही गेम धाकट्याच्या खात्यावरून उघडतात, हे मी शेजारी बसून एकेक करून पाहिले. त्यातले किमान दहा गेम कोणी दोनदाही खेळलेले नाहीत, हेही त्या निमित्ताने समजले.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहीत आहे. त्यात गेम वर्ग करण्याची मागणी न करता, अकरा दिवसांचा खुलासा आणि खाते गोठवण्यापूर्वी पूर्वसूचना का दिली नाही, एवढेच विचारतो आहे. यापुढे धाकट्यासाठी जे घ्यायचे ते त्याच्याच खात्यावर आणि शक्यतो डिस्कवर, असे ठरवले आहे.

एकच शंका राहिली. सांगलीचा कन्सोल सात वर्षांचा जुना आहे. तो बिघडून नवा घ्यावा लागला, तर बत्तीस गेमचे काय होईल?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

काका, परवाना खात्यावर असतो, यंत्रावर नाही, त्यामुळे गेम जाणार नाहीत. नव्या कन्सोलवर थोरल्याने एकदा लॉगिन करून तो मुख्य ठरवायचा, एवढेच. पण जुना कन्सोल अचानक बंद पडला, तर त्यावरची नोंद त्याच्यावरून काढता येत नाही, ती संकेतस्थळावरून काढावी लागते, आणि तिथेच त्या मर्यादा आडव्या येतात. म्हणून यंत्र कुरकुर करू लागले की दुकानात नेण्याआधी नोंद काढून टाका. थोरला सुट्टीला घरी येईल तेव्हा हे काम त्याच्यासमोरच करून घेतलेले बरे, म्हणजे लॉगिनसाठीचा सांकेतिक क्रमांक त्याच्या जर्मन मोबाइलवर जाऊन अडकणार नाही.