मदत हवी आहे : प्रकाशाचा वेग हा नक्की कुणाचा वेग?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी नववीत आहे. तिच्या एका प्रश्नाने गेले चार दिवस मला स्वस्थ बसू दिलेलं नाही.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हे तिला पाठ आहे. सूर्यप्रकाश पृथ्वीवर यायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात, हेही तिला कळतं. रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं कधी लवकर तर कधी उशिरा दिसतात यावरून प्रकाशालाही वेळ लागतो हे ताडलं, ती गोष्ट तर तिला फारच आवडली.

घोडं अडलं ते पुढे. दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे मागे उरलेले अतिशय घट्ट गाभे) एकमेकांवर आदळले, त्याच्या गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणाचे तरंग) २०१७ मध्ये पृथ्वीवर पोचल्या आणि जेमतेम पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरण (म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार) आले. तेही सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून! ती म्हणाली, "बाबा, गुरुत्वाकर्षण म्हणजे काही प्रकाश नव्हे, मग त्याचा वेग तोच कसा?"

मला वाटतं, हा वेग मुळात अवकाश-काळाचाच (म्हणजे अवकाश आणि काळ मिळून बनलेल्या चौकटीचाच) गुणधर्म असावा आणि वस्तुमान नसल्यामुळे प्रकाश त्या वेगाने जातो. हे बरोबर आहे का? असेल तर गणित फारसं न आणता, नववीतल्या मुलीला पटेल असं कसं सांगू? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. "असंच असतं" असं सांगून तिला गप्प करायचं नाहीये.