खिडकी कुठे उघडायची, हे ठरवणार कोण?

मुद्रितशोधक
मी घरून मुद्रितशोधन करते. टेबलावर दोन पडदे आहेत. डावीकडे छापील पानाचं स्कॅन, उजवीकडे टंकलेला मजकूर, आणि मजकुराखाली चार बोटांच्या पट्टीत शब्दकोश. 'दऱ्या'चं 'दर्या' झालंय का, 'आचाऱ्यास'चं 'आचार्यास' झालंय का, हे बघताना नजर ठरलेल्या वाटेने जाते-येते. कुठे बघायचं हे डोळ्यांना माहीत असतं, म्हणून दिवसाला इतकी पानं होतात.

लिनक्स या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती घेतली आणि डेस्कटॉप एक्स११ वरून वेलँडवर गेला (ॲपच्या खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था, पहिली जुनी, दुसरी नवी). तेव्हापासून रोज सकाळी तिन्ही खिडक्या एकाच पडद्यावर एकमेकींवर पडलेल्या असतात.

कारण शोधलं. एक्स११ १९८७ पासूनचं. त्यात ॲप स्वतः सांगू शकायचं, 'मला डावीकडून इतक्या, वरून इतक्या पिक्सेलवर ठेव.' वेलँडमध्ये मुख्य खिडकीला आपण पडद्यावर नेमक्या कुठे आहोत हे कळतही नाही आणि जागा मागताही येत नाही. ते सगळं कंपोझिटरच्या, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या डेस्कटॉपच्या भागाच्या, हातात. ठीक आहे, असू दे त्याच्या हातात. पण मग लक्षातही त्यानेच ठेवायला हवं ना? मी लावलेली मांडणी हा माझ्या कामाचाच भाग आहे, फाइलीइतकाच. जुनी सोय आधी काढायची आणि तिला पर्याय नंतर शोधायचा, हा क्रमच मला चुकीचा वाटतो.

रात्रपाळी
धाग्याशी असहमत. ॲपच्या हाती जागा दिली की काय होतं ते मी रोज निस्तरतो. आमच्याकडे विंडोज आहे, तिथे ॲप स्वतःची जागा स्वतः नोंदवून ठेवतात. माणूस ऑफिसात दोन पडद्यांवर काम करतो, लॅपटॉप घरी नेतो, आणि रात्री फोन येतो: "प्रोग्रॅम उघडतच नाहीये." प्रोग्रॅम उघडलेला असतो, पण नसलेल्या दुसऱ्या पडद्यावर. मग त्याला फोनवरून ऑल्ट+स्पेस, एम, आणि बाणाची कळ दाबत राहा असं सांगायचं. दिसत नसलेली खिडकी ओढून आणायला लावायची.

शिवाय पिक्सेलचा आकडा आता पुरेसा नाही. एक पडदा २०० टक्के स्केलवर (सगळं दुप्पट मोठं दिसणारा), दुसरा १०० टक्क्यांवर असेल, तर 'डावीकडून १५००' म्हणजे नेमकं कुठे? वेलँडने हा आकडा ॲपपासून लपवला ते बरंच केलं. आणि एक्स११ मध्ये कोणतंही ॲप दुसऱ्या ॲपच्या खिडकीतलं चित्र वाचू शकतं, तुम्ही काय टंकता ते ऐकू शकतं, पासवर्डच्या चौकटीवर स्वतःची चौकट नेऊन ठेवू शकतं. ते दिवस परत नकोत.

मुद्रितशोधक
रात्रपाळी, पासवर्ड ऐकणं आणि खिडकीची जागा लक्षात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बंद केली याचा मला आनंदच आहे. दुसरी तिच्याच गाठोड्यात बांधून बाहेर टाकली, तक्रार तेवढीच आहे.

आडवी_मात्रा
केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर उपाय आज हातात आहे. शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक करा, 'मोअर ॲक्शन्स', त्यात 'कॉन्फिगर स्पेशल विंडो सेटिंग्ज'. तिथे 'पोझिशन' आणि 'साइझ' हे गुणधर्म जोडून 'रिमेंबर' निवडा. वेलँडवरही चालतं, कारण लक्षात ठेवणारा खुद्द कंपोझिटर असतो. प्लाझ्मा ५.२७ पासून (२०२३) मेटा+टी (मेटा म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ) दाबून पडद्याचे कप्पेही पाडता येतात. शिफ्ट धरून खिडकी ओढली की कप्प्यात बसते.

म्हणून माझं मत रात्रपाळींच्या बाजूने. जागा ठरवायचा हक्क वापरणाऱ्याचा, आणि त्याने तो डेस्कटॉपला सांगावा. ॲपला मध्ये घेऊ नये.

लॅपटॉप_१३६६
दोन पडदेवाल्यांचं चालू द्या, माझा पडदा १३६६ बाय ७६८ आहे. माझी अडचण आकाराची. सेटिंगची चौकट इतकी उंच उघडते की 'ओके'चं बटण पडद्याखाली जातं, आणि लहान करायला गेलं तर ॲप म्हणतं याहून लहान होणार नाही. इथे डेस्कटॉप काहीही ठरवो, किमान आकार सांगतं ॲपच. लिहिणाऱ्याने छोट्या पडद्यावर एकदा तरी उघडून बघावं. तोवर एक्सएफसीई या डेस्कटॉपवर ऑल्ट धरून चौकट कुठूनही पकडा आणि वर ढकला, शीर्षकपट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालते.

सावंतवाडीकर
माझ्या वडिलांना काचबिंदू आहे. डावीकडचं फार कमी दिसतं. एखादी छोटी चौकट डाव्या कोपऱ्यात उघडली आणि उत्तराची वाट बघत बसली, की मागचं ॲप हलत नाही आणि संगणक अडकला असं त्यांना वाटतं. ते शांतपणे बसून राहतात, आम्हाला हाकही मारत नाहीत. खिडकी कुठे उघडते हा प्रश्न त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा नाही.

आडवी_मात्रा, तुमचा उपाय चांगला आहे, पण तो लावला मी. एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या माणसाने 'स्पेशल विंडो सेटिंग्ज'पर्यंत पोहोचावं, ही अपेक्षा बरोबर आहे का? शेवटची जागा लक्षात ठेवणं हे न सांगता व्हायला हवं. नको असेल त्याने बंद करावं.

रात्रपाळी
सावंतवाडीकर, हे पटलं. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. याच कामासाठी सेशन मॅनेजमेंटचा एक प्रोटोकॉल, म्हणजे ॲप आणि कंपोझिटरने आपसात बोलायचे नियम, मांडला गेला आहे. ॲप फक्त एक ओळख जपतं, 'मी कालचीच ती खिडकी' एवढं सांगतं, आणि कंपोझिटर तिला कालच्या जागी नेऊन ठेवतो. आकडा ॲपला कळत नाही. दुसरा पडदा नसेल तर कंपोझिटर तिला आहे त्या पडद्यावर आणू शकतो. रस्ता हाच.

मुद्रितशोधक
रस्ता मलाही मान्य. पण तो क्यूटी आणि जीटीके या ॲप बनवायच्या साधनसंचांनी स्वीकारायचा, मग प्रत्येक ॲपने आपल्या खिडक्यांना ओळख द्यायची, त्यानंतर तो माझ्यापर्यंत येणार. उबुंटू या लिनक्सच्या २५.१० आवृत्तीत ग्नोम डेस्कटॉपचं एक्स११ सत्र काढूनही टाकलं. मागचा पूल आधी तोडला, असं मी म्हणते ते यासाठी.

आडवी_मात्रा, तुमचा नियम आज लावून बघितला. स्कॅन डावीकडे गेलं, शब्दकोश खाली बसला. मजकुराच्या दोन फाइली एकाच ॲपच्या असल्यामुळे त्या नियमाला एकच वाटतात, दोन्ही एकमेकींवर उघडतात.

आडवी_मात्रा
त्याच नियमात शीर्षकाची अट घाला, 'सबस्ट्रिंग मॅच' (शीर्षकात तो शब्द कुठेही असला की पुरे) निवडून. प्रत्येक प्रकरणाच्या फाइलनावात 'मूळ' किंवा 'दुरुस्त' असा ठरलेला शब्द ठेवा आणि दोन नियम करा. शीर्षक उशिरा येणाऱ्या ॲपमध्ये हे फसू शकतं, तेव्हा आधी एका फाइलीवर करून बघा.

सावंतवाडीकर
म्हणजे खिडकी जागेवर राहावी म्हणून आता फाइलींची नावं बदलायची. मुद्रितशोधकांच्या मूळ म्हणण्याला +१.