म्हणे जुन्या लेन्समध्ये ‘आत्मा’ असतो

चष्मेबहाद्दर
परवा इथे पानगळ यांनी लिहिलं, ‘नव्या लेन्सेस निर्जीव, आत्मा हाताने फोकस करायच्या जुन्या मॅन्युअल लेन्समध्येच. ऑटोफोकसने छायाचित्रकार आळशी केले.’ त्यावर वाहव्वांचा पाऊस. शेवटी राहवलं नाही.

मीही भुललो होतो. घेतली एक जुनी मॅन्युअल लेन्स: हेलिऑस ४४-२, ५८ एमएम, एफ/२ (छिद्र मोठं, फोकसची खोली जेमतेम). जर्मन झाइसच्या बायोटार लेन्सची सोव्हिएत बहीण. अडॅप्टर लावला, मिररलेसवर, म्हणजे आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, चढवली आणि भाचीच्या नाचाला गेलो. फोकस पीकिंगचे, म्हणजे फोकसमधला भाग कॅमेरा रंगवून दाखवतो ते, लाल ठिपके तिच्या चेहऱ्यावर लुकलुकत होते, मी खुशीत ऐंशी फोटो ओढले. घरी मोठे करून पाहिले तर कानातले डूल असे लख्ख की कडी मोजून घ्यावी, आणि डोळे धुक्यात. ऐंशीत सहा धड निघाले. आत्मा होता हो, पण तो कानात होता.

काचसामान
एफ/२ वर नुसत्या पीकिंगच्या भरवशावर राहायचं आणि खापर लेन्सवर! पीकिंग कॉन्ट्रास्टच्या कडा रंगवतं. डूल चमकतात, म्हणून तेच रंगणार. डोळा मॅग्निफाय करून फोकस करायचा असतो. आणि बॉडीच्या स्टॅबिलायझेशनमध्ये (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीत) ५८ एमएम हा आकडा हाताने भरला होतात का? या लेन्सला चिप नाही, कॅमेऱ्याला काय स्वप्न पडणार?

चष्मेबहाद्दर
नव्हता भरला. घ्या, जिंकलात. पण नाचणारी पोर मॅग्निफाय करेपर्यंत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला पोचते, त्याचं काय? ‘पुतळ्यांसाठी उत्तम’ असं तरी लिहा.

पानगळ
‘आळशी’ शब्द मागे घेतो, ‘आत्मा’ नाही. ऐंशी फोटो ‘ओढले’ म्हणता, तिथेच कळलं. मी माझी जुनी टाकुमार लेन्स (५० एमएम, एफ/१.४) घेऊन तासभर एका खिडकीशी बसतो, बारा फोटो काढतो. तासभरात बाराच.

एफमाउंट
सगळे मिररलेसवाले गप्पा मारताहेत. एम४२, म्हणजे तुमच्या या स्क्रूने बसणाऱ्या जुन्या लेन्सेसचा प्रकार; अशी लेन्स सेन्सरपासून ४५.४६ एमएमवर बसायला हवी. मिररलेसच्या सोनी ई माउंटला हे अंतर १८, निकॉन झेडला १६, तिथे अडॅप्टरला ऐसपैस जागा. माझ्या निकॉन डीएसएलआरचं (आरशाच्या कॅमेऱ्याचं) अंतरच ४६.५. साधा अडॅप्टर लावला की लांबचा डोंगर कायम अस्पष्ट. हे सावरायला आत भिंग असलेला काचवाला अडॅप्टर घ्यावा तर चित्र मऊ. आमचा आत्मा चार हातांवरच संपतो.

अंधारखोली
आत्म्याचं सोडा, आतल्या बुरशीचं बोला. ‘एकदम स्वच्छ, कपाटात जपलेली’ म्हणून एकाने मला लेन्स विकली. घरी येऊन मागून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर आत कोळ्याचं जाळं. सहा महिन्यांत त्याच बॅगेतल्या दुसऱ्या लेन्सला लागण. बुरशीवाली लेन्स उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

काचसामान
लागण? बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. तिसऱ्या लेन्सवरही आहेत, तुमच्या चष्म्यावरही. रुजायला ओल लागते. बॅग दमट होती, एवढंच.

अंधारखोली
माझ्या बॅगेवर येऊ नका. दोन वर्षं त्याच बॅगेत काही झालं नाही, ती लेन्स आल्यावरच झालं.

पानगळ
ऊन दाखवा. माझी टाकुमार पिवळी पडली होती, आठवडाभर खिडकीत ठेवली, निवळली.

पेचकस
पानगळ, ते वेगळं दुखणं. तुमच्या लेन्सच्या काचेत थोरियम आहे, पिवळेपणा त्याच्या किरणोत्सर्गाचा. तो अतिनील प्रकाशाने निवळतो. बुरशीने मात्र आम्ल सोडून कोटिंग खाल्लं असेल, तर वरचे धागे पुसून जातात, ठसा राहतो. आणि उन्हात लेन्स तापली की हेलिकॉइडचं, म्हणजे फोकस फिरवायच्या आट्यांचं, ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या ब्लेडवर उतरतं. झाकण विसरलात तर सूर्य एका ठिपक्यात गोळा होतो, खिडकीचा पडदा पेटेल.

मी हौसेने लेन्स उघडतो. सगळ्यात वाईट बुरशी मूळ चामड्याच्या डब्यातल्या लेन्सेसना पाहिली, ज्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. चामडं ओल धरतं. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, शेजारी कोण बसलंय याची काळजी नको.

अंधारखोली
माझी चामड्याच्या डब्यातच होती. तरी लागण झालीच, असं माझं मत आहे.

काचसामान
म्हणजे डबाच ओला होता. मी हेच म्हणत होतो.

अंधारखोली
तुम्ही बॅग म्हणत होतात.

एफमाउंट
माझ्या ४६.५ एमएमचं कुणी काही बोलेल का?

चष्मेबहाद्दर
तुमच्या नादाने आत्ता टॉर्च मारून पाहिला. मागच्या काचेच्या कडेला केसाएवढा एक धागा आहे. पानगळ, आत्मा सापडला. घेता का विकत?

पानगळ
डबा कुठला आहे?

चष्मेबहाद्दर
चामड्याचा.

अंधारखोली
जाहिरातीत ‘एकदम स्वच्छ, कपाटात जपलेली’ असं लिहा. लगेच जाते.