मास्टरमाइंड खेळणाऱ्यांनो, पहिली ओळ काय लावता?

चार भोकं, सहा रंग आणि पडद्याआड समोरच्याने लावलेला कोड. आपण एक ओळ लावायची, त्याने बारक्या पिनांनी उत्तर द्यायचं. रंग आणि जागा दोन्ही जमले तर काळी पिन (नव्या संचांत लाल), रंग आहे पण जागा चुकली तर पांढरी. कुठली पिन कुठल्या सोंगटीची, हे मात्र सांगायचं नाही. बुद्धिबळावर आणि पत्त्यांवर आपण तासन्‌तास बोलतो, ह्या खेळावर कुणी बोलताना दिसत नाही. म्हणून हा धागा. पहिली ओळ काय लावता, घरचे नियम कोणते, भांडणं कशावरून झाली, सगळं येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात. मी चारही वेगळे रंग लावते आणि एकही पिन मिळाली नाही की खूश होते. चार रंग एकदम बाद! उरले दोन, म्हणजे १२९६ कोडांपैकी फक्त १६ शिल्लक. नवखे लोक रिकामं उत्तर बघून तोंड पाडतात, ते मला कळतच नाही.

मागचा बाक
आमच्याकडे बोर्ड नव्हताच. वहीच्या शेवटच्या पानावर आकड्यांचा खेळ चालायचा, बुल्स अँड काऊज. चार वेगवेगळे आकडे लपवायचे. आकडा जागेवर असेल तर बुल, नुसताच असेल तर काऊ. सुरुवातीला शून्य चालत असेल तर ५०४० शक्यता होतात. शिवाय दोघंही एकाच वेळी लपवतात आणि आळीपाळीनं विचारतात, म्हणजे खरी शर्यत. बोर्डावर एकजण नुसता पिना लावत बसतो, ते मला आजही कंटाळवाणं वाटतं. भूगोलाच्या तासाला तोंड उघडायचीही गरज नसे: उजव्या हाताची बोटं बुल, डाव्या हाताची काऊ. माझी शेजारीण इतिहासाच्या पुस्तकातून सनावळ्या उचलायची. १६७४, १८५७, १९४७. हे लक्षात आल्यावर मी पहिला आकडा १ धरूनच खेळायला लागले. मग तिने एकदा मुद्दाम ७६१४ लावला आणि माझा पार बोऱ्या वाजला.

दोन-दोन
धागाकर्तीच्या आनंदावर थोडं पाणी ओततो. चार वेगळे रंग लावून रिकामं उत्तर यायला कोडच त्या १६ पैकी असावा लागतो. १२९६ पैकी १६! उलट दोन पांढऱ्या आल्या तर ३१२ कोड उरतात, आणि त्या बऱ्याचदा येतात. डोनाल्ड नूथ ह्या संगणकशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिलं की कुठलाही कोड जास्तीत जास्त पाच ओळींत निघतो. त्यांची पहिली ओळ दोन-दोनची: लाल, लाल, निळा, निळा. उत्तर काहीही येवो, २५६ पेक्षा जास्त कोड उरत नाहीत. कॉलेजात असताना मी त्यांच्या पद्धतीचा प्रोग्राम लिहिला होता. गंमत म्हणजे तो मधेच अशी ओळ लावतो जी उत्तर असूच शकत नाही, हे त्यालाही माहीत असतं. तरी लावतो, कारण तिच्यामुळे उरलेल्यांची वाटणी चांगली होते. माणसाच्या हातून ही खेळी सहसा होत नाही. आपल्याला प्रत्येक ओळीत लॉटरी लागायची आशा असते.

धागाकर्ती
गणित मान्य. पहिली ओळ बदलणार नाही.

थोरली सून
आमच्याकडचं भांडण पिनांवरून. कोडात लाल एकच आहे, समोरच्याने दोन लाल लावले, त्यातला एक बरोबर जागी. उत्तर एक काळी, बस्स. दुसऱ्या लालला काही नाही. हे सासऱ्यांना पटेना.
"अगं, पण लाल आहे ना कोडात?"
"आहे, बाबा, पण एकच आहे. त्याची पिन देऊन झाली."
"मग दुसऱ्याने काय पाप केलं?"
शेवटी कोडाच्या सोंगट्या उचलून प्रत्येकीला जोडीदार लावून दाखवली, तेव्हा मान डोलावली. मात्र एकदा त्यांनी मला तीन काळ्या आणि एक पांढरी दिली. मी तिथेच डाव थांबवला. तीन सोंगट्या जागेवर आहेत, चौथीचा रंग बरोबर आहे, मग ती चुकीच्या जागी जाणार कुठे? जागाच उरत नाही! हे उत्तर येऊच शकत नाही. आता हेच कोडं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला घालतात, स्वतः शोधून काढल्यासारखं.

निळाई
नवऱ्याला लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा हा खेळ काढला आणि त्याने हिरव्याला लाल समजून पिना लावल्या, तेव्हा मला समजलं. आता सोंगट्यांच्या डोक्यावर मार्करने खुणा केल्यात: ठिपका, फुली, रेघ. संच बनवणारे रंगांऐवजी आकार का देत नाहीत?

लेस्टरवासी
इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. १९७१ साली हा खेळ बाजारात आणणारी इन्व्हिक्टा प्लॅस्टिक्स ही आमच्या जवळच्याच ओडबीची. मूळ कल्पना इस्राएलच्या मोर्देकाय मायरोविट्झ यांची. आधी बड्या खेळणी कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. दाढीवाला रुबाबदार पुरुष बसलेला आणि मागे तरुणी उभी, असा फोटो असलेला जुना डबा मला इथल्या धर्मादाय दुकानात मिळाला. त्यात पिना पुरेशा नव्हत्या. काळीसाठी उडीद आणि पांढरीसाठी साबुदाणा वापरतो, काम झकास होतं.

झटपट
आमच्याकडे एकच रंग दोनदा लावायला बंदी. त्यामुळे ३६० कोड, चहा निवायच्या आत डाव खलास. आणि हो, ह्या नियमात चार वेगळे रंग लावले की निदान दोन पिना मिळतातच. धागाकर्ती, आमच्याकडे तुमचं काही खरं नाही!

मागचा बाक
पाच भोकं आणि आठ रंगांचा मोठा संच कुणाकडे आहे का? ३२,७६८ कोड होतात त्यात. दोन-दोन, त्याच्यासाठी काय लावायचं?

दोन-दोन
कागद आणि पेन्सिल.